धसका आणि आधार : बीड जिल्ह्यातील मानसिक आघाताचे स्वरूप व उपचार

मानसिक आघात म्हणजे जिवावर, शरीरावर किंवा अब्रूवर बेतलेला असा प्रसंग, ज्यातून माणसाला पळता येत नाही, ज्याचा प्रतिकारही करता येत नाही, आणि जो सरून गेला तरी शरीर तो सरला असे मानत नाही. रोजचा ताण निराळा आणि दुःख निराळे. पेरणीच्या तोंडावर बियाणाला पैसे कमी पडले की ताण येतो, आणि पैशाची सोय झाली की तो उतरतो. घरातले वडीलधारे माणूस पिकल्या वयात गेले की दुःख होते. दहावा-तेरावा होतो, सोयरेधायरे येऊन बसतात, आणि काही महिन्यांनी त्या माणसाचे नाव काढताना घशात आवंढा आला तरी हातातले काम थांबत नाही. आघात झालेल्या माणसाच्या बाबतीत काळ असा पुढे सरकत नाही. घटना घडून वर्ष झाले तरी दाराची कडी वाजली की छाती धडधडते, झोपेत ओरडून जाग येते, आणि ज्या रस्त्यावर ते घडले तो रस्ता टाळण्यासाठी दोन कोसांचा वळसा घेतला जातो.

यामागे शरीराची स्वतःची एक रीत आहे. संकट दिसताच मेंदूतील अमिग्डाला हा लहानसा भाग, विचार करणाऱ्या भागाच्या आधीच, धोक्याचा इशारा देतो. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात उतरतात, नाडी वाढते, स्नायू ताठ होतात आणि पचन मंदावते. माणूस लढतो, पळतो, किंवा दोन्ही शक्य नसेल तर जागच्या जागी थिजतो. हे थिजणे भ्याडपणाचे लक्षण नाही. अत्याचाराच्या प्रसंगी ‘ओरडली का नाहीस’ असा प्रश्न पोलीस ठाण्यापासून चावडीपर्यंत विचारला जातो, तेव्हा विचारणाऱ्याला ही साधी शरीरक्रिया ठाऊक नसते. एरवी घडलेल्या गोष्टीला स्थळकाळाची जागा नेमून देण्याचे काम हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. भयाच्या कडेलोटात ते काम नीट होत नाही. त्यामुळे आठवण ‘तेव्हा घडले’ अशी न राहता वास, आवाज, घाम अशा तुकड्यांनी ‘आत्ता घडते आहे’ अशी परत येते.

वैद्यकाला हे मान्य करायला बराच काळ लागला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरत, मुके होऊन परतलेल्या सैनिकांविषयी चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये लिहिले. त्याच सैनिकांपैकी अनेकांकडे मात्र कामचुकार म्हणून पाहिले गेले. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर ताण विकार’ हे निदान आपल्या सूचीत घेतले. त्याची लक्षणे चार गटांत पाहिली जातात : प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवणे, त्याची आठवण देणारे सारे टाळणे, स्वतःविषयी व जगाविषयीचे मत काळवंडणे, आणि शरीर सतत सावध राहणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि त्यांनी कामधंदा, नाती बिघडवली तर निदान होते. आघात सोसलेल्यांपैकी बहुतेक माणसे आप्तांच्या आधाराने आपोआप सावरतात. विकार जडतो तो काहींनाच. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते.

मराठवाड्यात एका रात्रीत झालेल्या सामूहिक आघाताची मोठी खूण किल्लारीच्या भूकंपाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून येऊन लोक नुकते निजले असताना, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंतींवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती; उन्हाळ्यात थंडावा देणाऱ्या त्याच छपराखाली माणसे गाडली गेली. शेजारच्या बीड जिल्ह्यातही घराघरांत हादरा बसला, आणि पुढे कितीतरी रात्री लोक अंगणात, शेतात झोपले. घर हे निवाऱ्याचे ठिकाण, तेच भीतीचे झाले. तरीही त्या आघाताला तारीख होती. सरकार, संस्था, शेजारी सगळ्यांना तो दिसला, मदत आली, नवी गावे वसली, आणि शोक चारचौघांत करता आला.

बीड जिल्ह्यातला आजचा आघात बहुतांशी असा नाही. त्याला एक तारीख नसते, आणि तो दर हंगामाला परत येतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की ज्यातून सुटका नाही अशा स्थितीत दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा सोसलेल्या आघाताचे परिणाम एका अपघाताच्या परिणामांहून खोल असतात. माणसाचा स्वतःवरचा विश्वास, राग आवरण्याची शक्ती, दुसऱ्याजवळ जाण्याची तयारी हे सारेच त्यात मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘जटिल आघातोत्तर ताण विकार’ असे स्वतंत्र निदान आले ते याच समजुतीतून. बीडचा विचार करताना हेच निदान अधिक उपयोगी पडते.

फडावर

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, म्हणजे पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात ती पाच-सहा महिने राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकट्या माणसाला सहसा उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळत नाही. उचल पावसाळ्यातच मुकादमाकडून घेतलेली असते, आणि ती मुलीच्या लग्नात, दवाखान्यात किंवा मागच्या देण्यात गेलेली असते. म्हणजे काम सुरू होण्याआधी मजुरी संपलेली असते. हंगामात आजारपणाने किंवा अन्य कारणाने काम चुकले की ‘खाडा’ पडतो, त्याचे पैसे कापले जातात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम आटोपेपर्यंत, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते.

फडावरच्या बाईचा दिवस पहाटे तीन-चारला उजाडतो. कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, उभे राहता येत नाही. वाकूनच चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, पाणी आणायचे आणि अंधारातच फड गाठायचा. पुरुष तोडत जातो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढवते. गाडी रात्री दहाला आली तर दहाला, दोनला आली तर दोनला भरायची. लहान मूल पाचटावर निजलेले असते. साप, उसाचा भारा, मागे येणारा ट्रॅक्टर, सगळ्यांवर तिला सतत एक डोळा ठेवावा लागतो. आडोसा नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत बदलायला जागा नाही. अनोळखी गावात मुकादमाच्या, ट्रॅक्टरवाल्याच्या किंवा आणखी कुणाच्या नजरेतून व हातातून वाचायचे ते निराळेच. त्याविषयी बोलावे तर उचल अंगावर असते.

झोप सलग नाही, धोका सतत आहे आणि बाहेर पडण्याची वाट नाही. सावधपणाची यंत्रणा कधीच विसावू नये, यासाठी लागणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे एकत्र आहेत. हंगाम संपवून गावी आलेल्या बायका चिडचिड, अंगदुखी, हातापायांना मुंग्या, भूक न लागणे, कशातच मन नसणे असे सांगतात, त्याचे मूळ अशक्तपणाइतकेच या न विसावलेल्या शरीरात असते. सलाइन लावून ते जात नाही.

याच जगण्यातून गर्भाशय काढण्याचे प्रकरण उभे राहिले. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अनियमित पाळी अशा, औषधाने बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारींवर तिशीच्या आतबाहेरच्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली, आणि पाळीच गेली की खाडेही पडणार नाहीत, हा हिशेबही मागे होता. २०१९ मध्ये हा प्रश्न विधान परिषदेत गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. चर्चा झाली ती मुख्यतः रुग्णालयांच्या नफ्याची. या बायकांच्या मनाचे काय झाले, याकडे फारसे कुणी पाहिले नाही. बीजाशयेही काढली असतील तर ऋतुनिवृत्ती एकाएकी येते; अंगातून वाफा निघतात, झोप उडते, उदासी येते, हाडे ठिसूळ होतात. तिशीतल्या बाईला हे कुणी आधी सांगितलेले नसते. ‘आता मी कशाची बाई’ असे वाटत राहते आणि नवऱ्याच्या वागण्यातला बारीकसा फरकही जिव्हारी लागतो. फसवून किंवा घाबरवून शरीरावर केलेली शस्त्रक्रिया हा आघातच आहे, मग ती संमतीपत्रावर अंगठा घेऊन झालेली असली तरी.

मुलांवर याचे सावट दोन्हीकडून पडते. बरोबर गेलेल्या मुलाची शाळा सुटते. मागे आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलाची आई सहा महिन्यांसाठी तुटते. वयात येणारी मुलगी मागे ठेवणे आणि बरोबर नेणे या दोन्हींत जोखीम दिसल्यामुळे तिचे लग्न उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. पंधराव्या वर्षी सासर, सोळाव्या वर्षी कोयता आणि सतराव्या वर्षी बाळंतपण या क्रमात जी मुलगी जाते, तिच्या वाट्याला आघात कोणत्या दिवशी आला, हे तिलाही सांगता येणार नाही.

मागे राहिलेल्यांचे दुःख

विभागीय आयुक्तालयाच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २६९ बीड जिल्ह्यातल्या, म्हणजे आठ जिल्ह्यांत सर्वाधिक. यामागे कर्ज, नापिकी, पडलेले भाव, पाण्याची ओढ, दारू, आजारपण, घरातला कलह असे अनेक धागे असतात, आणि बहुतेक वेळा न ओळखलेले नैराश्यही असते. एकाच कारणावर बोट ठेवणे चुकीचे आहे. कर्ज सगळ्यांवर असते, मग हाच का गेला, असे म्हणून दोष मृताच्या स्वभावावर टाकणेही तितकेच चुकीचे.

मरणानंतर घरावर जे येते ते स्वतंत्रपणे समजून घ्यावे लागते. पहिल्या दिवशी पोलीस, दुसऱ्या दिवशी तलाठी, मग वार्ताहर आणि पुढारी. शासनाची एक लाखाची मदत हवी तर आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचे, वसुलीची नोटीस आली होती का, हे सारे कागदोपत्री दाखवावे लागते. मदत मंजूर झाली तर ३० हजार हाती येतात आणि ७० हजार मुदत ठेवीत जातात. सावकाराचे कर्ज कागदावर नसते, खंडाने केलेली जमीन कागदावर नसते, आणि मग प्रकरण ‘अपात्र’ ठरते. चार दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला त्याच्या मरणाचे कारण सिद्ध करायला लावणारी ही पद्धत तिच्या आघातात भर घालते. कोणत्याही शासकीय प्रक्रियेत एवढी काळजी तरी घेता येईल, की तिला तीच हकिकत निरनिराळ्या टेबलांवर पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये.

आत्महत्येनंतरच्या शोकात अपराधभाव मिसळलेला असतो. ‘त्या दिवशी मी माहेरी नसते गेले तर’, ‘पैशावरून बोलले नसते तर’ असे विचार थांबत नाहीत. त्यात सासरची माणसे तिलाच बोल लावतात, जमिनीतला वाटा अडवतात, हळदी-कुंकवाला बोलावणे बंद होते. पोरे गप्प होतात. शाळेत एखादे मूल एकाएकी फार शहाणे, फार समजूतदार झालेले दिसले, की शिक्षक त्याचे कौतुक करतात. घाबरलेल्या मुलाने स्वतःवर घेतलेले ते ओझे असते. फेलिटी आणि अँडा या संशोधकांच्या १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या अभ्यासात अमेरिकेतील सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणातील आपत्तींविषयी विचारले गेले. आपत्तींची संख्या जितकी अधिक, तितके पुढील आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारही अधिक, असे त्यातून दिसले. मात्र ही शक्यता आहे, विधिलिखित नाही. एखादे तरी मोठे माणूस कायम, विसंबून राहण्याजोगे मिळाले तर मूल सावरू शकते, हेही अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे यांनी उभारलेले शांतिवन आणि गेवराईत संतोष गर्जे यांनी चालवलेले बालग्राम यांचे मोल अन्न, वस्त्र, शाळा यांपुरते मोजता येत नाही. सकाळी उठवणारे आणि रात्री दिवा मालवणारे माणूस तेच आहे, उद्याही तेच असणार आहे, ही खात्री तिथल्या मुलांच्या मनावर औषधाचे काम करते.

बाहेरचं, भानामती आणि दवाखाना

मनाचा आघात गावात मनाच्या भाषेत क्वचितच सांगितला जातो. डोके जड आहे, छातीत भरून येते, हातपाय गळून जातात, अशा तक्रारी घेऊन माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो. तिथे गुण आला नाही की ‘बाहेरचं’ पाहिले जाते. मराठवाड्यात भानामतीच्या नावाने बायकांचे ओरडणे, घुमणे, भान हरपणे हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अनेक गावांत त्यांचा छडा लावला. बहुतेक ठिकाणी करणी करणारा कुणी नसतो. सोसणे असह्य झालेली, पण तोंड उघडण्याची सोय नसलेली बाई असते. अशा अवस्थेत मन भानाचा एक भाग बाजूला सारते. याला ढोंग म्हणणे हा अन्याय आहे, आणि तिला मारहाण करणारा किंवा दुसऱ्या एखाद्या बाईला चेटकीण ठरवणारा देवऋषी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार ठरतो. मात्र देवस्थानी किंवा दर्ग्यावर जाऊन ज्याला बरे वाटते त्याची श्रद्धा मोडायला निघण्याचेही कारण नाही. मारहाण, साखळदंड आणि लूट नसावी आणि गोळी बंद करायला लावू नये, एवढी अट पुरेशी आहे. देवदर्शन आणि दवाखाना एकाच दिवशी करता येतात.

पहिला आधार

आघात ताजा असताना मानसोपचारतज्ज्ञ लागतोच असे नाही. लागतो तो पहिला आधार, आणि तो शेजारीण, सरपंच, अंगणवाडीताई, शिक्षक कुणीही देऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत त्याचे तीन भाग सांगितले आहेत : पाहा, ऐका, जोडा. आधी माणूस सुरक्षित आहे का, जखम आहे का, पाणी-पांघरूण आहे का हे पाहायचे. मग तो जेवढे सांगेल तेवढे ऐकायचे. आणि मग नातेवाईक, रेशन, दवाखाना, पोलीस यांपैकी ज्याची गरज असेल त्याच्याशी गाठ घालून द्यायची. काय घडले ते सगळे बोलून टाक, म्हणजे मोकळे वाटेल, असा आग्रह धरायचा नाही. संकटानंतर लगेच सर्वांना बसवून सविस्तर बोलते करण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना अपायच होतो, असे पुढे आढळले. ‘रडू नको’, ‘पोरांकडे बघ’, ‘तुझ्यापेक्षा वाईट वेळ लोकांवर आली आहे’ ही वाक्ये चांगल्या मनाने बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला गप्प करतात. जवळ बसणे, चहा पुढे करणे, तिच्या जनावरांना वैरण टाकून येणे यांचा उपयोग शब्दांहून अधिक होतो.

लक्षणे महिन्यापलीकडे गेली तर उपचार लागतात. हर्मन यांनी सांगितलेला क्रम इथेही लागू आहे : आधी सुरक्षितता, मग आठवणीला व शोकाला वाट, आणि मग माणसांत परतणे. पहिली पायरी गाळून दुसरीवर जाता येत नाही. मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या घरातच राहणाऱ्या किंवा उचलीपायी त्याच मुकादमाकडे परत जाणाऱ्या बाईला आठवणी उकरायला लावणे धोक्याचे असते. तिच्यासाठी कायद्याचे संरक्षण, कर्जाची सोडवणूक आणि राहायला जागा हा उपचाराचाच भाग आहे. त्यानंतर आघातावर केंद्रित समुपदेशनाच्या पद्धती परिणामकारक ठरतात. तज्ज्ञाच्या सोबतीने आठवणीला थोडेथोडे सामोरे जाणे, ‘चूक माझीच होती’ यासारखे समज तपासून पाहणे हा त्यांचा गाभा. सर्ट्रालिनसारखी नैराश्यविरोधी औषधे काहींना लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि डॉक्टरांना न विचारता ती एकदम बंद करू नयेत. दुकानातून आणलेल्या झोपेच्या गोळ्या आणि दारू यांनी रात्र निघते, आजार मात्र मुरत जातो.

सोयी आणि हंगाम

सोयी अगदीच नाहीत असे नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय येथे मानसोपचार मिळतो. १९९६ मध्ये देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा उद्देशच हा उपचार जिल्ह्याच्या गावापर्यंत नेण्याचा आहे. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे, म्हणजे सगळी मराठवाड्याबाहेर आहेत. त्यामुळे जिल्ह्यातल्या सोयींवरच भिस्त राहते. २०१५ नंतर आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. त्यात आशाताई घरोघर जाऊन, प्रश्नावली भरून नैराश्याची लक्षणे असलेली माणसे शोधतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानावे, असे सांगितले आणि तिची काळजी व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरवली. गुन्हा नोंदवला जाईल या भीतीने विषबाधेची केस ‘चुकून झाले’ म्हणून दाखवण्याचे त्यामुळे कारण उरत नाही.

तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बहुतेक मानसिक विकारांच्या बाबतीत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविनाच आढळले. बीडमध्ये त्यात एक खास अडचण मिसळते, ती हंगामाची. ऑगस्टमध्ये उपचार सुरू झालेली बाई ऑक्टोबरात फडावर जाते. तिथे तिचे कार्ड नसते, आशाताई तिला ओळखत नाही, सरकारी दवाखान्याच्या वेळा फडाच्या वेळांशी जुळत नाहीत, आणि गोळ्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतात. एप्रिलमध्ये ती परतते तेव्हा आजार पहिल्याहून वाढलेला असतो. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्याची आखणी सप्टेंबर ते एप्रिल हे महिने डोळ्यांसमोर ठेवून झाली पाहिजे. निघण्याआधी गावोगाव तपासणी, बरोबर दोन-तीन महिन्यांची औषधे, रोगाची नोंद असलेला कागद, कारखान्याच्या आवारात ठरलेल्या दिवशी दवाखाना, आणि मधल्या काळात गावातल्याच आशाताईचा फोन. यांतली कोणतीही गोष्ट खर्चाने आवाक्याबाहेरची नाही. कारखान्यांनी आजारपणाचा खाडा रद्द केला, तळावर संडास, पाणी आणि पाळणाघर दिले, तर त्याने जेवढी मने सावरतील तेवढी कितीही समुपदेशकांनी सावरणार नाहीत.

गावातलीच माणसे हे काम करू शकतात का, ही शंका अनुभवाने फिटली आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघर नैराश्याविषयी बोलणे, पहिला आधार देणे आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पोहोचवणे अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याचे उपचार करून घेऊन त्यांचा गुण चाचणीने दाखवला. त्यातील एक पद्धत अगदी साधी आहे. उदास माणूस कामे सोडतो, कामे सोडल्याने आणखी उदास होतो. म्हणून मन येण्याची वाट न पाहता रोज एक छोटे, पूर्वी आवडणारे काम ठरवून करायचे.

रोजची निगा

रोजची निगाही ठरवून केलेल्या छोट्या कामांच्या याच धाग्यावर चालते. ठरल्या वेळी झोपणे-उठणे, दिवसातून एकदा तरी सावकाश, लांब श्वास सोडत बसणे, दारू व तंबाखू आवरणे, रात्री अंथरुणात मोबाइल न घेणे, आणि आठवड्यातून एकदा तरी घराबाहेरच्या माणसांत बसणे, इतके ते साधे आहे. यातले शेवटचे बीडला नवे नाही. हरिनाम सप्ताह, भजनी मंडळ, बचत गटाची बैठक, गडावरची पंगत, पारावरची चावडी यांत माणूस एकटा पडत नाही. जात्यावरच्या ओव्यांतून बायकांनी सासरचे, माहेरचे, मेलेल्या लेकराचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत माजलगावच्या बायकांच्याही आहेत. गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण दोघीतिघींनी भल्या पहाटे एकत्र बसून बोलायची जागा गेली, आणि तिच्या जागी दुसरी आपोआप आली नाही. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर अर्धा तास फक्त विचारपूस, एवढी प्रथा पाडली तरी ती जागा काही अंशी भरते. पुरुषांना तर तीही नाही. त्यांचे बोलणे पाऊसपाणी, भाव आणि राजकारण यांपुढे जात नाही, आणि ज्याला खरोखर सांगायचे असते तो बाजूला बसून राहतो.

धोक्याच्या काही खुणा घरातल्यांनी ओळखायला हव्यात : जगण्यात अर्थ नाही असे वारंवार बोलणे, एकाएकी सगळी देणीघेणी आवरणे, आवडती वस्तू किंवा जनावर देऊन टाकणे, फार दिवसांच्या तगमगीनंतर अचानक शांत होणे. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो. त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी १४४१६ वर किंवा रुग्णालयात संपर्क साधावा. प्रयत्नातून वाचलेल्या माणसासाठी दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, आणि नेमके तेव्हाच घरातले बोलणे टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १,८६७ व्यक्ती होत्या. त्यांच्यापैकी निम्म्यांना सुमारे तासभर माहिती देण्यात आली आणि पुढचे अठरा महिने ठरल्या दिवशी कुणीतरी भेट दिली किंवा फोन केला. कसे चालले आहे, काही लागते का, एवढेच विचारले जाई. त्यांच्यात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.२ टक्के राहिले. नेहमीचा उपचार मिळालेल्यांत ते २.२ टक्के होते. हे काम करणाऱ्याला डॉक्टर असावे लागत नाही, आणि विचारणारी आशाताई वडवणीत व विचारला जाणारा माणूस सांगलीजवळच्या फडावर असला तरी ते फोनवरून होऊ शकते.